घरातलेच अज्ञात चोरटे: ठाण्यात घडणारी काळ्या विनोदाची गुन्हेकथा कशी लिहावी

वर्तमानपत्रात ठाण्याच्या पानावर एक बातमी वरचेवर येते. बंद घराचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी दागिने आणि रोख रक्कम लंपास केली, पुढील तपास सुरू आहे. पाच-सहा ओळी, सोसायटीचा परिसर, ऐवजाची किंमत. आता ही बातमी एका घरात मोठ्याने वाचली जातेय असं समजा. बाबा वाचताहेत, सून पोळ्या लाटतेय, आजीला नीट ऐकू येत नाही म्हणून ती "परत वाच" म्हणतेय. वाचून झाल्यावर बाबा चष्मा काढून म्हणतात, "रक्कम जास्त छापलीय. आपण एवढे घेतलेच नव्हते."

चोरीकडे वळलेल्या कुटुंबाची कादंबरी लिहायची तर सुरुवात इथून करता येते. गेली काही वर्षं मी याच प्रकारच्या लेखनात गुंतलो आहे. ठाण्याइतकं या गोष्टीला साजेसं शहर मला दुसरं दिसत नाही. इथे दारं उघडी ठेवून राहिलेली माणसं आज तिसाव्या मजल्यावर, बंद दाराआड राहतात. हे काम मी ज्या क्रमाने केलं, त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: जमाखर्चाची वही

कथानक सुचायच्या आधी त्या घराचा जमाखर्च लिहा, रेघांच्या वहीत, महिनावार. मी घेतलेलं उदाहरण असं. नौपाड्यातली तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत पुनर्विकासाला गेली. कुटुंब घोडबंदर रोडला कासारवडवलीत भाड्याच्या वन बीएचकेत आलं. बिल्डर करारानुसार दरमहा भाडं देत होता, ते १४ महिन्यांपासून बंद आहे. इमारत जोत्याच्या वर आलेली नाही. ठाण्याच्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही, तो स्वतःच्या किंवा मावशीच्या घराचा विचार करायला लागलेला असतो.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. कारखाना बंद पडला. आता त्यांना ईपीएस ९५ ची, म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची, पेन्शन मिळते, २,३०० रुपये. (या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. हा आकडा ठाऊक नसलेला वाचक २,३०० वाचून छपाईची चूक समजेल, म्हणून कुणाच्या तरी तोंडून तो आणाच.) मुलगा ऐरोलीत रात्रपाळी करतो, २६,०००. सून शिकवण्या घेते, ६,०००. एकूण ३४,३००. खर्च: घरभाडं २१,०००, कर्जाचा हप्ता ८,५००, किराणा-दूध-भाजी ९,०००, आजीची औषधं ३,२००, नातवाची शाळा आणि व्हॅन ४,५००, वीज आणि गॅस २,४००, पास आणि रिक्षा २,६००. बेरीज ५१,२००. दरमहा १६,९०० कमी पडतात.

१४ महिन्यांची तूट २,३६,६०० होते. ती कशी भरून निघाली तेही लिहा. मुदतठेव मोडली. आजीच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या. सुनेच्या माहेरून पैसे आले आणि त्यानंतर सून जेवताना बोलेनाशी झाली. मग भिशीचा हप्ता चुकला. हा दिवस ठळक करून ठेवा, कारण तोवरची सगळी ओढाताण घरात होती, आज ती चार बायकांना कळणार आहे. अशी घरं उपासमार होईपर्यंत थांबत नाहीत. लोकांना कळेल या धास्तीने ती त्याआधीच घसरतात, आणि पहिली चोरी बहुधा भिशीच्या हप्त्यासाठी होते.

या वहीतूनच मला कादंबरीचा नियम मिळाला. बाबा ठरवतात की तुटीएवढंच घ्यायचं, रुपयाही जास्त नाही. आणि वहीत नवं खातं उघडतात: ‘हातउसने’.

दुसरी पायरी: घरचा शब्द

त्या घरात ‘चोरी’ हा शब्द कुणीही उच्चारता कामा नये. प्रत्येक घराला अवघड गोष्टींसाठी स्वतःचे शब्द असतात. कुणाच्या दारूला ‘त्यांचं ते’ म्हणतात, कुणाच्या घटस्फोटाला ‘तिचं झालं ते’. तसा या कुटुंबाचा शब्द शोधा आणि कादंबरीभर तोच वापरा. आमच्या घरात तो ‘उसनवारी’ आहे. "या महिन्यात उसनवारीला कोण जाणार?" हे वाक्य आमटी वाढता वाढता यावं. मग एखाद्या रात्री सात वर्षांचा नातू सहज विचारतो, "उसनं घेतलं तर परत कधी देणार?" आणि ताटावरचे सगळे हात थांबतात.

तिसरी पायरी: ज्याचं त्याचं कसब

चोरीचं कसब पात्रांच्या रोजच्या आयुष्यातून आलं पाहिजे. बाबांच्या हाताला टूलरूमची सवय आहे, नौपाड्याच्या इमारतीतली निम्मी कुलपं त्यांनीच बसवली होती. सून शिकवणीला घरोघर जाते, कुणाच्या कपाटाला किल्ली लावलेली असते ते तिला दिसतं. आजीच्या भजनी मंडळात कोण गावाला गेलं आणि कधी परतणार याची पक्की माहिती असते. आईकडे मात्र काहीच कसब नाही, आणि म्हणून ती सगळ्यात उत्तम पात्र ठरते: ती डबे भरते, आणि पुढचं सगळं तिच्या डब्यामुळेच घडतं.

कुलूप कसं उघडलं याचं तांत्रिक वर्णन करू नका. वाचकाला त्याची गरज नसते आणि कादंबरीलाही नसते. "ते कुलूप बाबांनीच बसवून दिलं होतं" एवढं वाक्य पुरे. त्यात कृतीही आली आणि विश्वासघातही.

चौथी पायरी: कायदा उदाहरणांसकट वाचा

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. कथा त्याआधीच्या काळातली असेल तर हवालदाराच्या तोंडी ३७९, ३८० ही जुनी कलमं येतील. नंतरची असेल तर साध्या चोरीला ३०३, राहत्या घरातल्या चोरीला ३०५, नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीला ३०६ आणि चोरीचा माल जवळ बाळगण्याला ३१७. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ३०५ आणि ३०६ ला सात वर्षांपर्यंत.

पण कलमांखाली छापलेली उदाहरणं वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका. चोरीच्या व्याख्येखालची उदाहरणं जुन्या संहितेतून नव्यात जशीच्या तशी आली आहेत. त्यातलं एक असं: टेबलावर दुसऱ्याची अंगठी दिसते. लगेच उचलली तर झडतीत सापडेल, म्हणून माणूस ती त्याच घरात सहज न सापडणाऱ्या जागी लपवतो, मालक विसरला की न्यायची या बेताने. कायदा म्हणतो, अंगठी पहिल्यांदा हलवली त्याच क्षणी चोरी झाली. आता आमची सून शिकवणीच्या घरात एक अंगठी तसबिरीमागे सरकवते आणि तीन आठवडे स्वतःला सांगत राहते की आपण अजून काही केलेलं नाही, वस्तू त्यांच्याच घरात आहे. त्या तीन आठवड्यांत ती त्यांच्या मुलीला अपूर्णांक किती मन लावून शिकवते, यावर एक आख्खं प्रकरण होतं.

दुसरी जागा दरोड्याची. चोरी पार पाडण्यासाठी कुणाला मुद्दाम इजा केली, धाक दाखवला किंवा अडवून ठेवलं तर ती जबरी चोरी होते, आणि अशा जबरी चोरीत पाच किंवा अधिक माणसं सामील असतील तर कलम ३१० प्रमाणे दरोडा. त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आमच्या घरात मोठी माणसं मोजा: बाबा, आई, मुलगा, सून. चार. आजी हट्टाने बरोबर येते आणि खाली बाकावर बसून लक्ष ठेवते. त्याच रात्री आई वॉचमनच्या केबिनला बाहेरून कडी लावते, बिचाऱ्याची झोपमोड नको म्हणून. तो आत अडकला. पाच माणसं झाली. आईचा हेतू काहीही असो, पोलीस याला दरोडा म्हणू शकतात, हे घरच्यांना नंतर कळू द्या, वकिलाच्या शांत आवाजात.

आणखी एक तरतूद हाताशी ठेवा. साध्या चोरीत माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे. बाबांसारख्या माणसाला हे वाचून काय वाटेल याचा विचार करा. ते ४,९९९ चा हिशेब मांडायला बसतील.

पाचवी पायरी: शहर पायी फिरा, पंचांग बघा

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे आणि पलीकडेच कोर्ट नाका. जांभळी नाक्यावर भाजी घेऊन, कौपिनेश्वराचं दर्शन करून, तलावपाळीवर घटकाभर बसणारी माणसं आयुष्यभर त्या परिसरात वावरतात, त्यांना तुरुंगाची भिंत दिसेनाशी झालेली असते. पहिल्या उसनवारीनंतर बाबांना ती दिसायला लागते. भाजीची पिशवी घेऊन ते एक दिवस लांबचा रस्ता धरतात. एवढं दाखवा आणि पुढे चला. त्यांच्या मनात काय आलं ते लिहायची गरज नाही.

घोडबंदरच्या संकुलात फाटकावर नोंद होते, कॅमेरे असतात, पण जिन्यात भेटलेल्या माणसाला कुणी ओळखत नाही. नौपाड्यात कॅमेरे नव्हते, पण पाहुणा आला की तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी पोचायची. कुटुंब एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात आलंय, म्हणून त्याचे अंदाज सारखे चुकतात. हे चुकणं प्रसंगांत वापरा.

हद्दींचा अभ्यास करा. ठाणे आणि नवी मुंबईची पोलीस आयुक्तालयं वेगळी आहेत. ठाणे स्टेशनवरून वाशी-पनवेलची गाडी पकडून ऐरोलीला उतरलात की आयुक्तालय बदललं. रेल्वेच्या हद्दीत घडलं तर लोहमार्ग पोलीस. पोलिसांची भाषा कानावर पडू द्या: फिर्यादी, पंच, मुद्देमाल, सराईत, ठाणे अंमलदार.

आणि पंचांग उघडा. गणपतीत कोकणातली घरं गावाला जातात, फ्लॅटला पाच-सात दिवस कुलूप लागतं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, दीड दिवसाचं विसर्जन २८ ला आणि गौरी विसर्जन २ सप्टेंबरला. आमच्या घरात गणपती दीड दिवसाचा. आजी बजावते, बाप्पा घरात असेपर्यंत उसनवारीचं नाव काढायचं नाही. गौरी विसर्जन झालं की लोक परतायला लागणार. म्हणजे २९ ऑगस्ट ते १ सप्टेंबर एवढेच दिवस उरले. घरच्या कुळाचाराने कथानकाला मुदत घालून दिली. असं जमून आलं की लिहिताना फार आनंद होतो.

सहावी पायरी: विनोद घरच्या रीतीतून

विनोद करायला जाऊ नका. घराच्या ज्या रीती आहेत त्या सगळ्या चोरीच्या रात्रीही पाळल्या जाऊ द्या. माझ्या खर्ड्यातला एक तुकडा देतो. नौपाड्याचे जुने शेजारी, बिल्डरकडून पैसे घेऊन आधीच बाहेर पडलेले, आता वसंत विहारमध्ये राहतात आणि गणपतीला गावी गेलेत.

"जातो म्हणू नकोस," आजी म्हणाली. "येतो म्हण."

"येतो," बाबा म्हणाले.

"आणि दही खाऊन जा."

"आई, हातमोजे घातलेत."

"मग मी भरवते. वाकव मान."

त्रेसष्ट वर्षांच्या बाबांनी मान वाकवली. आईने तोवर पिशवीत एक स्टीलचा डबा ठेवला.

"हा कशाला?"

"अहो, त्यांचाच आहे. दिवाळीत चिवडा आला होता त्यातून. परत द्यायचा राहूनच गेलाय. एवीतेवी जाताय तर ओट्यावर ठेवा."

बाबांनी झाकण उघडलं. आत साखर होती.

"रिकामा कसा द्यायचा?" आई म्हणाली.

यात कुणीही गंमत करत नाही. दह्याने काम फत्ते होतं यावर आजीचा विश्वास आहे, डबा रिकामा परत करू नये हे आईला तिच्या आईने शिकवलंय. तुम्ही लेखक म्हणून या दोघींच्या वरच्या पायरीवर उभे राहिलात की विनोद कुजकट होतो. पहिल्या खर्ड्यात मी तसाच उभा होतो. आईचं पात्र खुळचट झालं होतं आणि हसू येत असलं तरी पुढचं पान उलटावंसं वाटत नव्हतं. तो खर्डा मी बाजूला ठेवला आणि आईच्या जागी बसून लिहिलं.

सोन्याबद्दल थोडं. बाबांचा तुटीएवढंच घेण्याचा नियम इथे मोडतो, कारण तोड्याचे १६,९०० रुपयांचे तुकडे पडत नाहीत. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो, जुन्या बोरमाळेवर तो नसतो. बाबा भिंगातून तो क्रमांक वाचतात आणि वहीत लिहितात: ‘जास्त आलेले, परत करणे’.

सातवी पायरी: आळ कुणावर येतो

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शेजारी गावाहून परत येतात, कपाट उघडं दिसतं. पहिला संशय कुणावर? ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, उत्तर एकच येईल. लोकमान्य नगरातून चालत येणारी, पाच घरची धुणीभांडी करणारी बाई. तिच्यासाठी कायद्यात वेगळं कलमच आहे, वर सांगितलेलं ३०६. साक्षीदार म्हणून स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज इतरत्र हजर राहायला सांगता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपासाची कार्यपद्धती सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम १७९ मध्ये आहे, आणि तरी तुमच्या कादंबरीत तिला फोन येतो: जरा येऊन जा. ती जाते. दिवसभर बाकावर बसते. तेवढ्यात सोसायटीच्या अ‍ॅपवर तिचा प्रवेश बंद होतो, आणि एका घरची चोरी असूनही पाचही घरची कामं जातात. महिना संपायला नऊ दिवस असतात.

या प्रकरणात विनोद आणू नका. काळ्या विनोदाची माझी समजूत अशी आहे की आधीच्या पानांवरचं हसू इथे वाचकाच्या अंगावर यायला हवं, आणि ते येण्यासाठी बाई पहिल्या प्रकरणापासून कथेत हवी. मी ती नौपाड्यापासून ठेवली. तिथेही ती दोन्ही घरी काम करायची. सून बाळंतीण असताना तिने नातवाला अंघोळी घातल्या. तिला संकटाच्या वेळी अचानक आणलंत तर ती फक्त दया वाटायला आणलेली बाई ठरते.

तिला हुशार करा. पंचनाम्याच्या वेळी ती ओट्याकडे बघते आणि म्हणते, "हा डबा इथे नव्हता. मी ओटा पुसून गेले होते." कुणी लक्ष देत नाही. पोलिसांच्या लेखी तो साखरेचा डबा आहे. तिला मात्र आठवतं की दिवाळीत चिवड्याचा डबा कुणाकडे गेला होता. तो तिनेच नेऊन दिला होता. आणि साखर घालून डबा परत करणारं घर तिच्या ओळखीत एकच आहे.

आता ती काय करते, यावर तुमची कादंबरी कुठल्या जातीची हे ठरेल. तिने पोलिसांना सांगितलं तर रहस्यकथा संपते. तिने पैसे मागितले तर नवी कथा सुरू होते, आणि ती मला खोटी वाटते. माझ्या कादंबरीत ती कासारवडवलीला येते, नेहमीसारखी स्वयंपाकघरात जमिनीवर बसते, चहा घेते आणि नातवाच्या शाळेची चौकशी करते. बशी विसळून पालथी घालते. डब्याचा विषय काढत नाही. जाताना म्हणते, "येते." त्या रात्री घरात कुणी जेवत नाही.

आठवी पायरी: वाचून दाखवा

खर्डा पूर्ण झाला की दोन माणसांना वाचून दाखवा: सोसायटीत राहणाऱ्या एकाला आणि सोसायटीत कामाला येणाऱ्या एकीला. कशी वाटली असं विचारू नका, लोक चांगलीच म्हणतात. कुठे हसू थांबलं ते विचारा आणि पानाचा नंबर लिहून घ्या. दोघांचे नंबर वेगळे येतील. कामाला येणारीचा नंबर खरा धरा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी दोन दुपारी वाचून दाखवलं. दह्याच्या प्रसंगाला त्या पदर तोंडाला लावून हसल्या. साखरेच्या डब्याला म्हणाल्या, "बरोबर आहे, रिकामा नाही देत." बाकावरच्या प्रकरणाला गप्प झाल्या. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तिचा त्या महिन्याचा पगार कुणी दिला?"

मी लिहिलेलंच नव्हतं. भिशीचा हप्ता मला आठवला होता, आजीच्या औषधांचे ३,२०० आठवले होते, दागिन्यावरचा क्रमांक आठवला होता. पाच घरांचे एकवीस दिवसांचे पैसे वहीत कुठेही नव्हते. मी पुन्हा पहिल्या पायरीवर गेलो आणि त्या बाईचाही जमाखर्च लिहायला घेतला: खोलीचं भाडं, बचत गटाचा हप्ता, मुलीची दहावीची फी. तिची तूट १२,४०० आली. शेवटच्या प्रकरणात बाबा तो आकडा ‘हातउसने’ या खात्यात लिहितात, समोर तिचं नाव घालतात आणि हिशेब जुळतो का ते पुन्हा पुन्हा तपासत बसतात.